दोर सरळच होता

मळेवाल्याने कुंपणाचे खड्डे खणायला घेतले तेव्हा दोरवाला उलटा चालत त्याच्याकडेच येत होता. पाठ मळेवाल्याकडे, तोंड चाकाकडे. कमरेला डाव्या बाजूला घायपाताच्या वाखाचा भारा, बोटांतून निघत जाणारा ओला पिवळा दोर, आणि पार त्या टोकाला चाकाची मूठ फिरवणारी त्याची मुलगी. पहारीचा आवाज त्याने ऐकला, पण तो थांबला नाही. दोर ओढताना मधेच थांबलं तर त्या जागी पीळ जास्त बसतो. दोर टेकवायला रोवलेल्या शेवटच्या बेचक्यापर्यंत तो गेला, हात वर केला, चाक थांबलं, आणि मग कुठे त्याने मान वळवली.

खड्डा त्याच्या टाचेला लागूनच होता.

"हे काय?"

"कुंपण," मळेवाला म्हणाला. धोतराच्या सोग्याने त्याने कपाळ पुसलं. "तार सांगितलीय. आठवड्याभरात येईल."

"माझ्या दोरवाटेत?"

"माझ्या मळ्यात. तुझी वाट माझ्या मळ्यात शिरलीय. वाकडी झालीय तुझी वाट."

"वाकडी?" दोरवाल्याने हातातला दोर ताणून धरला. बेचक्यांवरून जाणारा दोर चाकापर्यंत थरथरला. "बघ. आहे कुठे वाक? दोर सरळ तर वाट सरळ. तीस वर्षं चालतोय मी हिच्यावर."

"उलटा चालतोस. तुला काय दिसतं?"

"आणि तू पंपखोलीच्या छपरावर बसून विडी ओढतोस. तुला काय दिसतं?"

"माझ्या मिरचीचा अर्धा वाफा दिसत नाही, ते दिसतं," मळेवाला म्हणाला आणि पुन्हा खणू लागला.

दोघं एकाच वयाचे, एकाच वर्गात बसून एकाच गुरुजींचा मार खाल्लेले. म्हणून भांडणात आईबाप कोणी काढले नाहीत. पण पुढचे दोन दिवस खड्डे खणले जात राहिले, पंपखोलीपासून चाकाकडे, एका ओळीत.

कुंपण झालं तर दोरवाटेचा शेवटचा तुकडा जाणार होता. ट्रकवर माल बांधायला लागतात ते लांब दोर पूर्ण वाट मिळाल्याशिवाय ओढता येत नाहीत. उरलेल्या वाटेवर निघाली असती ती दावी आणि कासरे, आणि ती हल्ली बाजारात नायलॉनची मिळतात. घर चालायचं ते लांब दोरांवर. आणि दोर ओढायचे ते याच कोरड्या महिन्यांत. हवा दमट झाली की वाख चिकटतो. सरकारी मोजणीचा अर्ज करता आला असता, पण मोजणीवाला येईपर्यंत तार गंजायलाही लागली असती.

"जाऊन बोला ना नीट त्यांच्याशी," दोरवाल्याची बायको म्हणाली. ती ओसरीवर वाख विंचरत होती. खिळ्यांच्या फणीतून जुडी ओढली की धूळ उडे आणि तिच्या भुवया पिवळ्या होत.

"नीटच बोललो."

"तुमचं नीट मला माहीत आहे."

"त्याला म्हणावं, तुझे डोळे तपासून घे," आत्या म्हणाली. ही दोरवाल्याची थोरली बहीण. बसल्या जागी ती मांडीवर सुतळी वळायची आणि तिथूनच सगळ्यांचे निवाडे करायची. "लहानपणी गोट्या खेळताना पण त्याचा नेम बाजूलाच जायचा."

"ताई, तू त्याच्याशी गोट्या खेळायचीस?"

"जिंकायचे."

मुलगी हसली. चाक फिरवते म्हणून तिला सगळे चक्री म्हणत. ती सातवीत होती. शाळेच्या आधी चाक, शाळेनंतर चाक. उजव्या हाताच्या तळव्याला आईसारखेच घट्टे. हसता हसता ती गप्प झाली, कारण उद्या वर्गात काय होणार ते तिला ठाऊक होतं.

ते झालंच. मळेवाल्याचा मुलगा तिच्याच वर्गात होता. हळू बोलणं त्याला जमतच नसे, म्हणून त्याला भोंगा म्हणत. प्रार्थना संपते न संपते तोच तो म्हणाला, "चक्रीचे बाबा उलटे चालत चालत आमची मिरची खातात!" मुलं हसली. मधल्या सुट्टीत दोघा-तिघांनी वर्गातून उलटं चालत तोंडाने मिरची चघळण्याचा अभिनय केला. चक्रीने एकाच्या मागे बाक सरकवून ठेवला. तो पडला. तेवढ्यावर भागलं.

त्या वर्षी शाळेत नव्या बाई आल्या होत्या. भाषा शिकवायच्या, आणि आठवड्यातला एक तास त्यांनी हेडमास्तरांकडून मागून घेतला होता. वेळापत्रकात त्याला नाव नव्हतं. मुलं त्याला 'बादलीचा तास' म्हणत, कारण पहिल्या दिवशी बाईंनी टेबलावर पत्र्याची बादली आणून ठेवली होती.

"काय आहे बादलीत?" त्यांनी विचारलं होतं.

"पाणी!" अख्खा वर्ग.

"दिसलं?"

कोणाला दिसलं नव्हतं. बाकांवरून बादलीची फक्त बाजू दिसत होती.

"बाई, बादलीत पाणीच असणार ना," भोंगा म्हणाला. "दुसरं काय ठेवतं कोणी?"

बाईंनी बादलीत हात घालून शाळेची पितळी घंटा बाहेर काढली. दारावरून जाणारा शिपाई थबकला. "ही इथे आहे होय!" तो म्हणाला. "सकाळपासून थाळी बडवतोय मी!" घंटा घेऊन तो रागारागाने गेला आणि तास संपायच्या आधीच त्याने ती वाजवली.

त्यानंतर प्रत्येकाने आपल्या जागेवरून बादली जशी दिसते तशी लिहायची होती. जे दिसतं तेवढंच. माहीत आहे ते लिहायचं नाही. खिडकीशी बसणाऱ्या मुलीने लिहिलं, बादलीला एक चमकणारी पट्टी आहे. मागच्या बाकावरच्याने लिहिलं, बादली म्हणजे पुढच्याच्या कानावर ठेवलेला करडा तुकडा. भोंग्याने लिहिलं, बादलीला कडी नाही. कडी पलीकडे पडली होती. त्यावर वर्गात चांगलंच भांडण झालं, कारण अर्ध्यांना कडी दिसत होती आणि अर्ध्यांना नव्हती.

"खरं कोण बोलतंय?" बाई म्हणाल्या.

"आम्ही!" दोन्ही बाजू.

"मग खोटं कोण?"

इथे मात्र प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघितलं. बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. त्याचं एक भिंग जाड होतं, एक पातळ. मग तो त्यांनी पहिल्या बाकावर दिला आणि तो अख्खा वर्ग फिरून आला. चष्म्यातून भिंतीवरचं घड्याळ एका डोळ्याला जवळ आलं, दुसऱ्याला लांब गेलं. चष्मा नसताना बाई मात्र मुलांकडे बघून भलतीचीच नावं घेत होत्या.

"बाई, जे दिसतं ते असं बदलत असेल तर तुम्ही तरी खरंच आहात कशावरून?" भोंग्याने विचारलं.

"गृहपाठ तपासायला घेतला की कळेल," बाई म्हणाल्या. पण नंतर फळ्याकडे वळता वळता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे. घरी जाऊन आईला विचार. तिने लाटणं उचललं तर तेही लिहून आण."

खड्डे खणले गेले त्या आठवड्यात बाईंनी नवीन काम दिलं. रोज ज्या जागी बसता त्या जागी बसायचं आणि समोर जे दिसतं ते लिहायचं. सुंदर लिहायचं नाही, खरं लिहायचं.

चक्री रोज बसायची ती चाकाशी. संध्याकाळी चाक फिरवताना तिने पहिल्यांदाच समोर लक्ष देऊन पाहिलं. एरवी ती मुठीकडे बघायची नाहीतर कुठेच नाही. हात फिरत असायचे आणि मन दुसरीकडे. रात्री जेवणाआधी तिने लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून वाचलं.

"बाबा माझ्याकडे तोंड करून लांब जातात. आधी ते दारापेक्षा मोठे असतात. मग दाराएवढे. मग माझ्या अंगठ्याएवढे. त्यांचं तोंड दिसेनासं होतं, पण ते बोलत नाहीत एवढं दिसतं. त्यांच्या डोक्यामागे पंपखोलीचं निळं दार आहे. आधी डोक्याने ते दार पूर्ण झाकलेलं असतं. बाबा लहान होत गेले की दार डोक्याच्या दोन्ही बाजूंनी दिसायला लागतं. शेवटी बाबा दाराच्या बरोबर मधे उभे असतात आणि हात वर करतात. बाभूळ डावीकडे एकटी उभी असते."

"छान," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून शेवटपर्यंत मागे निळं दारच?"

"हो. बाबा सरळच चालतात, बाई." हे तिने भोंग्याकडे बघत म्हटलं.

"नेहमी?"

"नेहमी." मग तिला काहीतरी आठवलं आणि ती अडखळली. "म्हणजे… मी लहान होते तेव्हा बाबा म्हणायचे, मी बाभळीत गेलो की चाक थांबव. तेव्हा डोक्यामागे बाभूळ असायची."

"मग बाभूळ चालत गेली का?" मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

"नाहीतर आमची पंपखोली आली!" भोंगा म्हणाला.

चक्री हसली नाही. ती हातातल्या कागदाकडे बघत राहिली. बाभूळ हलत नाही. पंपखोली हलत नाही. चाक तर आजोबांनी दगड ठोकून रोवलेलं. राहिले कोण?

भोंग्याची पाळी आली. तो पंपखोलीच्या छपरावर बसायचा; मोटार चालू-बंद करायचं काम त्याचं होतं. त्याने मोठ्याने वाचलं. "दोरवाले काका पाठमोरे आमच्या दाराकडे येतात. दर वेळी वाटतं आता दारावर आपटतील. आपटत नाहीत. त्यांची वाट आमच्या वाफ्यांना तिरकी कापते. वाकडी नाही. बाबा वाकडी म्हणतात पण मला वाक दिसला नाही." वाचून झाल्यावर तो जरा घाबरल्यासारखा झाला. "बाई, हे माझ्या बाबांना सांगायचं नाही हं."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आता दोघं जागा बदला," त्या म्हणाल्या. "तू छपरावर बस. तू चाकाशी. आणि पुन्हा लिहा."

त्या संध्याकाळी भोंगा चाकाशी येऊन बसला तेव्हा आत्याने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "शत्रूचा मुलगा आमच्या चाकावर?"

"गृहपाठ आहे, आत्या."

"मग फिरव. नुसतं बघून कसला अभ्यास होतो?"

थोड्याच वेळात त्याचा हात दुखायला लागला, पण आत्या समोर असल्यामुळे त्याला सांगता येईना.

चक्री पंपखोलीच्या शिडीवरून छपरावर गेली. मळेवाला खाली वाफ्यात पाणी फिरवत होता. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे वळला. चक्रीला आपलं घर दुरून दिसलं. ते तिला वाटायचं त्यापेक्षा बरंच लहान होतं आणि एका बाजूला झुकलेलं होतं. मग बाबा निघाले. तिकडून तिला रोज लांब जाताना दिसायचे ते बाबा आज जवळ येत होते, पाठीने. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. अगदी जवळ आल्यावर तिला त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला टक्कल दिसलं, बशीएवढं, उन्हाने लाल झालेलं. हे टक्कल तिने कधी पाहिलं नव्हतं. चाकाशी बसलेल्याला ते दिसणंच शक्य नव्हतं.

आणि दोरवाट तिला दिसली. सरळ. फणीने भांग पाडावा तशी सरळ. चाकापासून निघून हळूहळू बांधाजवळ येत, बांध ओलांडून, मिरचीच्या वाफ्यात शिरलेली.

जेवताना ती एकदम म्हणाली, "बाबा, दर वर्षी पावसाळ्यानंतर बेचकी पुन्हा रोवता तेव्हा जागा कशी ठरवता?"

"दोराखाली. दोर ताणायचा आणि त्याच्याखाली रोवायची."

"आणि दोर कुठे ताणायचा?"

"मी चालेन तिथे."

"मग दर वर्षी तुम्ही थोडे थोडे सरकलात. घड्याळाच्या काट्यासारखे. चाक तिथेच, पण तुमचं टोक फिरलं. दोर रोज सरळच होता, बाबा. पण रोज त्याच जागी नव्हता."

दोरवाल्याने ताटातला घास तसाच ठेवला.

"पोरीला शाळेत घातलं तेव्हाच म्हटलं होतं मी," आत्या म्हणाली.

"काय म्हटलं होतंस?"

"आता आठवत नाही. पण म्हटलं होतं."

"म्हणजे मी चोर," दोरवाला मुलीला म्हणाला. "गावभर तो सांगतोय तेच तू घरात सांगतेस."

"चोर नाही म्हणाले मी—"

"मी त्या वाटेवर चालायला शिकलो तेव्हा तुझा पत्ता नव्हता. माझे पाय मला सांगतात मी कुठे आहे." तो उठला, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसला. चक्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने तिच्या ताटात न विचारताच अजून वाढलं. रडू आलेल्याला ती नेहमी वाढायची.

बऱ्याच वेळाने दोरवाला दारात आला. "उद्या सुट्टी आहे ना? बोलाव तुझ्या बाईंना. त्यालाही बोलाव. बेचकी काढून टाकतो सगळी, आणि बाभळीच्या रेषेत चालून दाखवतो. सगळ्यांसमोर."

सकाळी माळावर जेवढी माणसं जमली तेवढी एरवी मतदानालाच जमतात. सातवीचा वर्ग झाडून आला होता. बाईंनी पायांत बूट घातले होते. मळेवाला हाताची घडी घालून खड्ड्याशी उभा राहिला.

बेचकी उपटून बाजूला रचलेली होती, आणि वाटेवर नांगर फिरवून तिची खूण मोडली होती. दोरवाल्याने वाखाचा भारा कमरेला आवळला, बाभळीकडे एकदा नीट पाहून घेतलं, मग तिला पाठ केली आणि वाख चाकाच्या आकड्यात अडकवला. "फिरव," तो म्हणाला. चक्रीने चाक फिरवलं.

तो चालू लागला. बोटांतून वाख सुटत गेला, दोर वाढत गेला. त्याच्या चालण्यात काही घाई नव्हती. तो नेहमीसारखाच दिसत होता, आणि चाकाशी बसलेली मुलगी त्याच्या डोक्याकडे बघत होती. सुरुवातीला डोक्यामागे बाभूळ होती. अर्ध्यात फांद्यांचा डावा भाग मोकळा झाला. मग खोड. ओरडून सांगावं असं तिला फार वाटलं, पण तिने ओठ मिटून घेतले.

दोरवाल्याने हात वर केला. "झाली बाभूळ?" त्याने मोठ्याने विचारलं आणि अभिमानाने मागे वळला.

समोर निळं दार होतं.

बाभळीकडे त्याने पाहिलं, मग आपल्या पायांकडे, मग पुन्हा दाराकडे. आणि मळेवाला हसला. मोठ्याने, मांडीवर थाप मारून.

"सांगत होतो! पायच वाकडे आहेत याचे!"

"भाऊजी," दोरवाल्याची बायको म्हणाली. ती गर्दीतून पुढे आली आणि नवऱ्याच्या कमरेचा भारा सोडून तिने मळेवाल्यापुढे धरला. "तुम्ही चाला."

"मी कशाला, वहिनी?"

"तुमचे सरळ आहेत ना."

वर्गाने आरडाओरडा केला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज भोंग्याचा होता. मळेवाल्याला मागे जाता येईना. भारा कमरेला बांधून तो चाकाशी गेला, बाभळीला पाठ केली आणि निघाला. दोर वळणं त्याला येत नव्हतं, म्हणून दोरवाल्याने नुसताच तयार दोर त्याच्या हातात दिला. तो मोकळा सोडत जायचा. मळेवाला छाती काढून चालला. अर्ध्यातच तो बांध ओलांडून आपल्या मळ्यात शिरला. बाईंनी मुलांना बोटाने गप्प केलं होतं. दोरवाला ज्या जागी पोचला होता तीही मागे टाकून मळेवाला स्वतःच्या मिरचीत घुसला, दोन वाफे तुडवले, आणि चेहऱ्यावर तीच ऐट ठेवून स्वतः खणलेल्या खड्ड्यात गेला.

मग जो हशा उठला त्यात दोरवालाही होता. खड्ड्यातून आधी मळेवाल्याची टोपी दिसली, मग तो.

"डावीकडे ओढतं रे हे," तो भारा चाचपत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "मला सारखं वाटत होतं मी बरोबर चाललोय."

"मला पण," दोरवाला म्हणाला.

बाई म्हणाल्या, मला चालून बघायचंय. त्या बूट घालून आल्या होत्या त्या याचसाठी. त्यांनीही बांध ओलांडला, पण पडायच्या आत भोंगा "बाई, खड्डा!" असं ओरडला, आणि आपला आवाज कामाला आल्याचं समाधान दिवसभर त्याच्या तोंडावर होतं.

"आता एक करा," बाई धापा टाकत म्हणाल्या. "हद्दीचे दगड आहेत ना दोन्ही टोकांना? दोर आहेच. ताणा."

गोष्ट इतकी साधी होती की दोन्ही बाप्ये एकमेकांकडे बघतच राहिले. इतके दिवस कोणी ते केलं नव्हतं, कारण मळेवाल्याला दोरवाल्याचा दोर हातात धरायचा नव्हता आणि दोरवाल्याला तो द्यायचा नव्हता. आता दोघांनी दोन टोकं धरली. दोर ताणला गेला. पंपखोलीकडच्या टोकाला दोरवाट पाऊलभर नव्हे, चांगली चार-पाच पावलं मळ्यात होती. दोरवाल्याने मान खाली घातली. पण चाकाकडे येता येता मुलं ओरडायला लागली. मळेवाल्याचे इकडचे खड्डे दोराच्या या बाजूला होते. दोरवाल्याच्या जागेत.

"हे कसं झालं?" मळेवाला म्हणाला. "छपरावरून बघून खुणा केल्या होत्या मी. एका रेषेत."

"रेषेतच आहेत," आत्या म्हणाली. "फक्त रेष आमच्या अंगणात आलीय."

मळेवाल्याने कान पकडला. मग गंभीर होऊन म्हणाला, "हे खड्डे बुजवतो मी. पण कुंपण हद्दीवर होणार. मिरची मला हवी."

"घे की. तुझीच आहे." दोरवाला चाकाजवळ मातीत बसला. "हद्दीच्या आत राहून दोर ओढता येईल एवढी जागा आहे. पण मी तिथे राहायचो नाही. आज बघितलंस ना? तारेवरच जाईन मी. आज नाही तर पुढच्या वर्षी."

खरी अडचण हीच होती. कोणाच्या बोलण्याने पाय सुधारत नसतात.

बायको वाटेच्या मधोमध उभी होती. ती एकदा चाकाकडे तोंड करून उभी राहिली आणि डावा हात पसरला. मळा. मग ती गर्रकन फिरून बाभळीकडे तोंड करून उभी राहिली आणि पुन्हा डावा हात पसरला. माळ. उजाड, दगडधोंड्यांचा, कोणाचं काही न अडवणारा माळ.

"अहो," ती म्हणाली, "चाक बाभळीपाशी नेलं तर?"

दोरवाल्याने तिच्या हाताकडे पाहिलं.

"सरका मग हवं तेवढं डावीकडे," ती म्हणाली. "शेळ्यांनी तक्रार केली तर बघू."

बाईंनी तेच मनातल्या मनात करून बघितलं असावं. त्यांनी गुपचूप स्वतःचा डावा हात हलवला आणि हसल्या.

"चाक वडिलांनी रोवलंय," दोरवाला म्हणाला.

"आजोबांनी बाभळीच्या रेषेत रोवलं होतं," चक्री हळूच म्हणाली. काल रात्रीनंतर ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती. दोरवाल्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो उठला आणि मळेवाल्याला म्हणाला, "पहार दे तुझी."

चाकाचा खांब निघता निघत नव्हता. खाली दगड ठासून बसवलेले. एकेक दगड काढताना ते ठोकणाऱ्या म्हाताऱ्याला हसतखेळत शिव्या देण्यात आल्या. मळेवाला आणि दोरवाला दोघांनी मिळून तो हलवला, मुलांनी चाक उचलून नेलं, आणि दुपार कलायच्या आत ते बाभळीच्या सावलीत उभं राहिलं. आत्याला ही सावली पसंत पडली. सुतळीचं टोपलं घेऊन ती तिथेच येऊन बसली आणि म्हणाली, हे आधीच कोणाला सुचायला हवं होतं.

पहिला दोर ओढायची वेळ झाली. दोरवाल्याने भारा कमरेला बांधला, मग सोडला.

"सरक," तो मुलीला म्हणाला. "मला बघू दे तिथून काय दिसतं."

तो चाकाशी बसला. लहानपणी तो तसा बसायचा, त्यानंतर नाही. चक्रीने भारा स्वतःच्या कमरेला आवळला. तो तिला मोठा होता, चालताना गुडघ्यावर आपटत होता. वाख आकड्यात अडकवून ती बोटं ओली करून उभी राहिली. शेजारी आई, वाख कसा सोडायचा ते सांगायला. चाक फिरू लागलं.

ती मागे निघाली. दोर पहिल्यांदा जाडाबारीक आला, मग जरा बरा. बाबा लांब जाऊ लागले. खरं तर ती जात होती, पण दिसत होतं असं की बाबा, बाभूळ आणि आत्या मिळून हळूहळू लहान होतायत. मागे काय होतं तिला काही कळत नव्हतं. पाठीला नुसती हवा लागत होती. तिने मान वळवायला घेतली आणि दोर ढिला पडला.

"मागे बघू नकोस!" बाबा चाकावरून ओरडले. "मी बघतोय ना!"

"किती सरकले?"

"थोडी सरकलीस. चालेल."

"बाबा, मागे काही आहे का?"

"आकाश आहे," बाबा म्हणाले. "ये अजून."

ती अजून मागे गेली.